मामा-भाचीचं नातं योगायोग वाटत नाही

स्टीफन किंगच्या 'डॉक्टर स्लीप' या कादंबरीत मनाची गूढ शक्ती असलेली मुलगी एब्रा ही तशीच शक्ती असलेल्या नायकाच्या, डॅनच्या, रक्ताच्या नात्यातली निघते. हा लेखकाने सोयीसाठी जुळवलेला योगायोग आहे, असं काही जण म्हणतात. मला तसं अजिबात वाटत नाही.

एब्राची आई लूसी ही डॅनची सावत्र बहीण. दोघांचा बाप एकच, जॅक टॉरन्स. म्हणजे डॅन तिचा मामा. आणि हे कळण्याआधी कितीतरी वर्षं एब्रा दुरूनच, मनाच्या जोरावर त्याच्या खोलीतल्या फळ्यावर निरोप लिहीत असते! नातं नंतर उघड होतं, माया आधीच जडलेली असते. डॅनच्या लहानपणाची गोष्ट सांगणाऱ्या १९७७च्या 'द शायनिंग'मध्येही हॉटेलातला स्वयंपाकी हॅलोरन याच्यात आणि त्याच्या आजीत ही शक्ती आहे, तोंड न उघडता दोघं बोलायची.

पण मला खरी भिडली ती शेवटची गोष्ट. एब्राने रागात मनाच्या जोरावर भांडी फोडलेली असतात, आणि तिच्या पंधराव्या वाढदिवशी डॅन तिला घराण्यातल्या दारूबद्दल आणि संतापाबद्दल सांगतो. वारसा नुसत्या शक्तीचा नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी मी ताट आपटलं की आजी म्हणायची, "आज्ज्याचाच राग हाय ह्यो." तो प्रसंग वाचताना तिचाच आवाज कानात होता.