लेकानेमॅबचा आईला उपयोग होईल का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): आईला अल्झायमर आहे. हळदीचे भाव तोंडपाठ असायचे तिला, आता मार्केट यार्डाचा रस्ता चुकते. मेंदूत साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन हटवणाऱ्या लेकानेमॅब या औषधाबद्दल वाचलं. पण अमायलॉइडवरचा 2006चा गाजलेला शोधनिबंध ‘नेचर’मधून 2024 मध्ये मागे घेतला ना? मग पायाच खोटा?

उत्तर (मिरज): नाही दादा. तो निबंध अमायलॉइडच्या एका विशिष्ट प्रकारावर होता, हे औषध त्यावर उभं नाही. 1795 रुग्णांच्या चाचणीत 18 महिन्यांत ऱ्हास 27 टक्के मंदावला. पण स्मृती आणि रोजची कामं जोखणाऱ्या 18 गुणांच्या मोजपट्टीवर औषध न मिळालेल्यांशी फरक 0.45 गुणांचा. घरच्यांना तो जाणवेल का, खरा वाद तिथे आहे. मला तो फार थोडा वाटतो.

उत्तर (कराड): या औषधाने मेंदूला सूज, रक्तस्रावही होऊ शकतो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का आईंना?

विश्रामबाग: आहे ताई. सोमवारी न्यूरोलॉजिस्टना आधी तेच सांगतो.