न्यूरोच्या पेशंटसाठी हॉस्पिटल चांगलं की वाईट, हे कशावरून ठरवायचं? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सी ५०३ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. ज्येष्ठ नागरिकांच्या फाइलमध्ये हॉस्पिटलची यादी घालायची आहे. स्ट्रोक, पार्किन्सन्स, फिट्स असलेले बरेच जण आपल्या चारही विंगमध्ये आहेत. ज्यांच्या घरचं कुणी अ‍ॅडमिट होतं त्यांनी पाचपैकी किती स्टार ते पोलमध्ये टाका. रविवारी छापायला देतो.

डी ३०३ (हॉस्पिटल क्वालिटी विभाग): काका, पोल थांबवाल का? स्टारवरून काहीच कळणार नाही. डिस्चार्जच्या दिवशी फॉर्म भरताना इन्शुरन्सचं अप्रूव्हल अडकलेलं असतं, खाली रिक्षा थांबलेली असते आणि माणूस घरी येतोय याचंच समाधान मोठं असतं. चार नाहीतर पाच स्टार देऊन लोक मोकळे होतात. त्यातून न्यूरोच्या वॉर्डात फॉर्म भरतो मुलगा किंवा सून. त्यांना बिल, पार्किंग, डॉक्टर राउंडला किती वाजता आले हे दिसतं. रात्री कूस बदलायला कुणी आलं का, हे फक्त पेशंटला माहीत. आणि ज्याची वाचाच गेली आहे त्याला कुणी विचारत नाही.

सी ५०३ (सेक्रेटरी): मग विचारायचं काय आणि कधी?

डी ३०३: घरी आल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी. अमेरिकेतल्या सरकारी सर्वेक्षणातही डिस्चार्जनंतर ४८ तासांपासून ६ आठवड्यांपर्यंतच विचारतात. तिथे ‘आवडलं का’ याऐवजी ‘किती वेळा झालं’ असं विचारतात: नेहमी, बहुतेकदा, कधी कधी, कधीच नाही. ‘सेवा कशी वाटली’ याला सगळे ‘छान’ म्हणतात. ‘गोळी ठरलेल्या वेळी मिळाली का’ याला खरं उत्तर येतं.

ए ६०४: पार्किन्सन्सवाल्यांसाठी पहिला प्रश्न हाच ठेवा. घरी ७, ११, ३, ७ अशी वेळ बसलेली असते आणि वॉर्डात ‘दिवसातून चार वेळा’ म्हणून राउंडच्या सोयीने देतात. अर्धा-पाऊण तास उशीर झाला तरी माणूस आखडतो. मग बोलता येत नाही, गिळता येत नाही, बाथरूमपर्यंत जाता येत नाही. नोंद मात्र ‘पेशंट सहकार्य करत नाही’ अशी होते. ब्रिटनमधली पार्किन्सन्सची संस्था ठरल्या वेळेच्या ३० मिनिटांच्या आत गोळी मिळावी, असा आग्रह धरते. आपणही अ‍ॅडमिशनच्या वेळीच घड्याळी वेळा लिहून केसपेपरला लावायला सांगायचं. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवणार असतील तर गोळी घोटभर पाण्यासोबत चालेल का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारायचं. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, एकदम बंद होणं धोक्याचं असतं, ताप येऊन शरीर लाकडासारखं कडक होऊ शकतं.

डी १०१ (फार्मासिस्ट): काकूंच्या मुद्द्यात भर. घरच्या गोळ्या मूळ स्ट्रिपसकट न्या आणि सिस्टरना दाखवा. सिन्डोपा ११० आणि सिन्डोपा प्लस या दोन्हींत लेव्होडोपा १०० मिग्रॅच असतं, पण मळमळ कमी ठेवणारं कार्बिडोपा ११०मध्ये १० आणि प्लसमध्ये २५. प्लसच्या जागी ११० आली की मळमळ वाढू शकते. मळमळीला कुणीतरी पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिल लिहितं. ही दोन्ही औषधं मेंदूतल्या डोपामाइनचं, म्हणजे पार्किन्सन्समध्ये आधीच कमी पडणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात, त्यामुळे पेशंट आणखी जखडतो आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. रात्री गोंधळ घालतो म्हणून दिलेल्या हॅलोपेरिडॉलचंही तेच. डोमपेरिडॉन किंवा ऑन्डनसेट्रॉन चालेल का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. आणि नळीतून द्यायचं म्हणून सीआर गोळी कुटू देऊ नका, सावकाश सुटायचं औषध एकदम सुटतं.

बी ३०२: दादा, फिट्सच्या आणि मायस्थेनियाच्या (स्नायू लवकर थकून ढिले पडतात तो आजार) पेशंटचं?

डी १०१: फिट्समध्ये डोस चुकणं हेच मोठं कारण. तोंडाने काही द्यायचं नसेल तर शिरेतून कोणतं औषध सुरू आहे ते विचारा. फिट्सचं सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असताना मेरोपेनेम हे अँटिबायोटिक दिलं तर रक्तातलं व्हॅल्प्रोएट झपाट्याने घटतं आणि फिट येऊ शकते. मायस्थेनियात जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, शिरेतून मॅग्नेशियम, यांनी स्नायू आणखी ढिले पडू शकतात. साध्या इन्फेक्शनसाठी अ‍ॅडमिट केलं तरी ‘मायस्थेनिया आहे’ हे कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यात सांगा.

ए २०२ (निवृत्त वॉर्ड सिस्टर): गिळण्याची तपासणी केली का, हा प्रश्न हवाच. स्ट्रोकनंतर ती होईपर्यंत पाणीसुद्धा द्यायचं नसतं. सरळ बसवून चमच्याने थोडं पाणी देतात आणि खोकला येतो का, आवाज ओला-घरघरता होतो का ते बघतात. काही जणांना खोकलाही येत नाही आणि पाणी गुपचूप फुफ्फुसात जातं, म्हणून पास झाल्यावरही पहिले काही घास कुणीतरी समोर बसून भरवावेत. नातेवाईक मायेने चहा-बिस्किट देतात आणि न्यूमोनिया होतो. ‘काही देऊ नका’ एवढंच सांगितलं तर घरच्यांना वाटतं पेशंटला उपाशी ठेवलंय. कारण समजावलं तर तेच घरचे पहारा देतात.
बेल कोणत्या बाजूला होती हेही विचारा. उजवा हात गेलेल्याच्या उजव्या उशाशी बेल म्हणजे बेल नसल्यासारखीच. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद पलंगाजवळच्या चार्टवर असते, ती घरच्यांनी बघावी. एअर मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलणं सुटत नाही. आणि चालता येणाऱ्याला केवळ माणसं कमी म्हणून डायपर लावला का, हेही विचारा. त्याची लाज पेशंटला फार वाटते आणि तो कुणाला सांगत नाही.

बी ७०१ (न्यूरो फिजिओ): सिस्टर, अगदी. माझ्याकडून हाताळणीचं. लुळा हात धरून कुणी ओढून उठवलं का? खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा खाली सरकतो आणि ते दुखणं महिनोन् महिने राहतं. बोलण्याचं म्हणाल तर वाचा गेली म्हणजे ऐकू येत नाही किंवा समज गेली असं नाही. एका वेळी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर हो-नाही असेल, आणि उत्तराला दहा सेकंद तरी थांबणं. पलंगापाशी उभं राहून पेशंटबद्दल नातेवाइकांशीच बोलणं, हे त्याला फार लागतं.
पण मला विचाराल तर हॉस्पिटलची खरी पारख डिस्चार्जला होते. संध्याकाळी पाचला सोडायचं आणि नळीने भरवणं दहा मिनिटांत दाखवायचं, यातून पेशंट पुन्हा अ‍ॅडमिट होतो. घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने एक फीड देऊन दाखवलं पाहिजे: डोकं वर, आधी नळी जागेवर असल्याची खात्री, आधी-नंतर पाणी सोडून नळी धुणं, आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं न करणं. पलंगावरून खुर्चीत घेणंही तसंच. ‘शिकवलं का’ असं विचारू नका, ‘करून घेतलं का’ असं विचारा.

बी ३०२: २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसचे (गिया-बारे, नसांच्या आजाराने हातपाय लुळे पडतात) पेशंट वाढले होते, तशा वेळी काय बघायचं?

ए २०२: श्वासावर लक्ष किती वेळा ठेवतात ते. एका श्वासात २०पर्यंत मोजता येतं का, ही सोपी खूण आहे. आकडा घसरत गेला की लगेच सांगायचं. हा पेशंट पूर्ण जागा असतो, सगळं ऐकतो, फक्त हलू शकत नाही. जखम दिसत नाही म्हणून त्याच्या वेदनेवर विश्वास ठेवत नाहीत, पण त्या खऱ्या असतात.

डी १०१: खर्चाचा हिशेब पहिल्याच दिवशी मिळाला का, हेही त्यात घ्या. जीबीएसमध्ये शिरेतून देतात त्या आयव्हीआयजी इंजेक्शनचा नेहमीचा डोस एकूण किलोमागे २ ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. हे आधी सांगितलं तर घरचे तयारी करतात. रोज संध्याकाळी चिठ्ठी हातात आली की विश्वास उडतो.

सी ५०३ (सेक्रेटरी): पोल काढला. स्ट्रोकच्या घाईत हे सगळं विचारायला वेळ कुठे असतो पण?

ए २०२: नसतोच, म्हणून ते पान वेगळं. मेंदूच्या रक्तवाहिनीतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. तिथे एकच निकष: चोवीस तास सीटी आणि इंजेक्शन देणारी टीम आहे का. हे आधी फोन करून विचारून ठेवा. १०८ला फोन करताना पेशंट शेवटचा ठीक असताना कधी पाहिला ती वेळ घड्याळ बघून सांगा.

डी ३०३: प्रश्न मी आज रात्री टाइप करते, दोन पानांत बसतील. तक्रार असेल तर आधी वॉर्ड इन्चार्ज, मग पेशंट रिलेशन्सला लेखी, आणि पोच घ्यायची. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात, हेही खाली लिहिते.

ए ६०४: पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला जाणाऱ्यांकडूनही भरून घेऊ, तिथे अनुभव भरपूर आहेत.

बी ७०१: वाचा गेलेल्यांसाठी मी चित्रांचं पान करते. मोठी अक्षरं, प्रत्येक प्रश्नाखाली हो-नाहीची दोनच चित्रं. स्ट्रोकमध्ये ज्यांचं डाव्या बाजूचं भान जातं त्यांच्यासाठी ती शेजारी-शेजारी न ठेवता एकाखाली एक ठेवते. प्रिंट ए-थ्रीवर काढा, काका.