'फुसेकी'ला मराठीत काय म्हणाल?

जपानी शिकणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं की निवडणुकीच्या बातमीत 'फुसेकी ओ उत्सु' आलं तर 'मोर्चेबांधणी करणे' लिहू का, मी पटकन हो म्हणून टाकलं आणि रात्री पट मांडून बसले तेव्हा लक्षात आलं की नाही, हा शब्द बसत नाहीये.

फुसेकी हा गो म्हणजे इगो या पटावर जागा घेरण्याच्या खेळातला शब्द, डावाच्या सुरुवातीच्या मांडणीचा. फु म्हणजे मांडणं-पसरणं, सेकी म्हणजे दगड, गोची सोंगटी. १९ उभ्या, १९ आडव्या रेघा, ३६१ छेद, आणि सोंगटी घरात नाही तर छेदावर ठेवायची. सुरुवातीला सगळे कोपऱ्यांकडे धावतात कारण तिथे पटाच्या दोन कडा आयतं कुंपण देतात. एक काळी इकडे, एक पार तिकडे, बघणाऱ्याला काही संबंधच लागत नाही, आणि एकदा ठेवलेली सोंगटी जागची हलत नाही, चहूबाजूंनी घेरली तरच उचलायची. मग खूप उशिरा मधे कुठेतरी जुंपते आणि तेव्हा ती कोपऱ्यातली एकटी सोंगटी कामाला येते. मोर्चेबांधणीत शत्रू समोर असतो, फौज हलवता येते, गाजावाजा असतो. इथे गुपचूप टाकून ठेवायचं आणि वाट बघायची. म्हणून माझं मत 'पेरणी', 'आतापासूनच पेरणी सुरू केलीये' असं आपण बोलतोच की!

'उत्सु'चंही तसंच, त्याचा अर्थ मारणं, ठोकणं. गो खेळण्याला उत्सु पण शोगीला, म्हणजे जपानी बुद्धिबळाला, मात्र 'सासु', तिथे सोंगट्या सरकतात ना. 'जोसेकी', म्हणजे ठरून गेलेल्या चाली, दोन्हीकडे आहे, उच्चार एकच, पण गोमधल्या जोसेकीत दगडाचं अक्षर आणि शोगीतल्या जोसेकीत मागाचं, पाऊलखुणेचं. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. बोलण्यात आलं तर 'शिरस्ता' चालेल.

आणि 'नारिकिन'. शोगीत प्यादं शत्रूच्या शेवटच्या तीन ओळींत पोचलं की ते उलटं करून ठेवतात आणि ते 'किन' म्हणजे 'सोनं' नावाच्या सोंगटीसारखं चालायला लागतं. त्यावरून अचानक पैसा आलेला माणूस म्हणजे नारिकिन, पहिल्या महायुद्धात जहाजांच्या धंद्यात असे कितीतरी झाले, त्यांना 'फुना-नारिकिन' म्हणायचे. 'प्याद्याचा वजीर झाला' लिहू नका, त्यात कौतुक येतं आणि नारिकिनमध्ये हेटाळणी आहे. 'नवश्रीमंत' फारच पुस्तकी. मला तर पुण्याच्या आसपासचा 'गुंठामंत्री'च सगळ्यात जवळचा वाटतो, फक्त त्यात जमीन येते. जमीन न विकता श्रीमंत झालेल्याला तुमच्याकडे काय म्हणतात?