नातीचे नाव ‘सीर्शा’ : अर्थ, उच्चार आणि देवनागरी लेखनाविषयी विचारणा

सिद्धेश्वर पेठेतील आजोबा :

सर्व सभासदांना नमस्कार. माझा मुलगा आणि सूनबाई नोकरीनिमित्त आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे या शहरात राहतात. गेल्या महिन्यात त्यांना मुलगी झाली. तेथे जन्माची नोंद ३ महिन्यांच्या आत करावी लागते, म्हणून दोघांनी नाव आधीच ठरवून आम्हाला व्हॉट्सॲपवर कळवले. रोमन लिपीतील सात अक्षरे आली : एस, ए, ओ, आय, आर, एस, ई. घरातील आम्ही तिघांनी ती तीन प्रकारे वाचली. मी ‘साओइर्से’ म्हणालो, सौभाग्यवती ‘सायरस’ म्हणाल्या आणि धाकट्या भावाने ‘सावरसे’ वाचून, ‘पोरीला आतापासूनच सावरून घ्यायला सांगताय काय,’ असे वर विचारले.

सूनबाईंनी फोनवर सांगितलेला उच्चार ‘सीर्शा’ असा आहे. पुण्यातील पुतण्या मात्र ‘सर्शा’ हाच खरा उच्चार असल्याचे ठामपणे सांगतो, कारण या नावाची एक प्रसिद्ध अभिनेत्री स्वतःचे नाव तसे उच्चारते. पत्रिकेनुसार बाळाचे नक्षत्र शततारका, तिसरा चरण, म्हणजे आद्याक्षर ‘सी’. त्यामुळे दोन उच्चारांतला फरक सौभाग्यवतींच्या दृष्टीने किरकोळ नाही.

मंडळी जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या सुमारास सोलापूरला येणार आहेत आणि बारसे तेव्हाच करायचे आहे. बाळाच्या कानात नाव सांगायचे काम माझ्या मुलीकडे, म्हणजे आत्याकडे आहे, आणि ‘बाबा, नक्की काय म्हणायचे ते एकदा ठरवा,’ असे तिने मला तीन वेळा बजावले आहे. शिवाय नाव विणलेली एक चादर बाळासाठी करून घेण्याचा माझा विचार आहे. या नावाचा अर्थ काय, ते तिकडे सर्वसामान्य आहे की विचित्र वाटेल असे आहे, आणि देवनागरीत ते कसे लिहावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाचनालयातला कोपरा :

आजोबा, प्रथम अभिनंदन. ‘सीर्शा’ या शब्दाचा अर्थ ‘स्वातंत्र्य’ असा आहे आणि तो आयरिश भाषेतील रोजच्या वापराचा शब्द आहे. नीव, इफा, ग्रॉन्या ही आयरिश मुलींची नावे जुन्या दंतकथांमधून आलेली आहेत. सीर्शा नावाची मात्र कोणी प्राचीन राणी नाही की संत नाही. मुलीचे नाव म्हणून हा शब्द विसाव्या शतकातच रुजला आणि त्यामागे तिकडचा स्वातंत्र्यलढा आहे. १९१६ च्या ईस्टरमधील उठाव आणि त्यानंतरचा इंग्रजांशी झालेला सशस्त्र संघर्ष यांतून १९२२ मध्ये जे राज्य उभे राहिले, त्याच्या आयरिश नावातही हाच ‘मुक्त’ या अर्थाचा मूळ शब्द होता. आपल्याकडे एखाद्याने मुलीचे नाव ‘स्वतंत्रता’ ठेवावे, त्यातला हा प्रकार आहे. फरक इतकाच की तिकडे ते नाव कानाला गोड लागले आणि टिकले.

लोकप्रियतेचे म्हणाल तर आयर्लंडचे केंद्रीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी बाळांच्या नावांची यादी प्रसिद्ध करते. तिच्या १९६४ च्या आकड्यांत मुलींमध्ये ‘मेरी’ पहिली होती, तर २०२१ मध्ये ‘फीआ’ हे अस्सल आयरिश नाव पहिले आले. म्हणजे संतांच्या नावांकडून स्वतःच्या भाषेतील शब्दांकडे वळण्याची जी ओढ तिथे दिसते, त्यात तुमच्या नातीचे नाव चपखल बसते. वर्गात या नावाची दुसरी मुलगी भेटली तर तिला आश्चर्य वाटायचे कारण नाही. आयर्लंडबाहेर हे नाव पोचवले ते सीर्शा रोनन या अभिनेत्रीने. १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आयरिश आईवडिलांच्या पोटी तिचा जन्म झाला, ती वाढली आयर्लंडमध्ये, आणि वयाच्या तेराव्या वर्षीच तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. अमेरिकेतील मुलींच्या पहिल्या हजार नावांत हे नाव २०१६ मध्ये शिरले.

आता थोडे आपल्या गावाविषयी. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापूर पेटले, इंग्रजांनी येथे मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. तुम्ही बारसे गड्ड्याच्या सुमारास करणार म्हणता, म्हणजे ती तारीख आसपासच येते. या नावाचा अर्थ सोलापूरकराला समजावून सांगावा लागू नये.

चौपाडचा रहिवासी :

नावाविषयी आदर आहे, पण स्वातंत्र्य हाच अर्थ हवा असेल तर आपल्याकडे ‘मुक्ता’ असताना इतक्या लांब जाण्याची गरज काय, हे मला कळले नाही. मुक्ताईचे नाव, उच्चाराला सोपे, शिवाय मोती हा अर्थ वेगळाच. मुलगी सोलापूरला आली की शेजारपाजारचे तिला काय हाक मारणार?

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर :

चौपाडच्या दादांचे म्हणणे प्रेमाचे आहे, परंतु मूल जिथे शाळेत जाणार तिथल्या बाईंना नाव नीट घेता येणे हे अधिक महत्त्वाचे आहे, असे मी चाळीस वर्षे हजेरी घेतल्यानंतर सांगू शकते. आयर्लंडच्या शाळांत आयरिश भाषा शिकवलीच जाते, त्यामुळे हे नाव तिथे कोणाला अडणार नाही. ‘मुक्ता’ घरातले नाव म्हणून ठेवता येईल, फक्त ते आजीबाईंच्या ‘सी’मध्ये बसत नाही.

उच्चाराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण गोंधळाचे मूळ लेखनपद्धतीत आहे. आयरिश भाषेत व्यंजनाच्या शेजारी ए, ओ, यू हे स्वर असतील तर ते व्यंजन रुंद मानतात आणि ई किंवा आय असेल तर अरुंद. रुंद एस म्हणजे आपला ‘स’, अरुंद एस म्हणजे ‘श’. या नावातील पहिल्या एसनंतर ए आणि ओ आहेत म्हणून तिथे ‘स’. दुसऱ्या एसच्या एका बाजूला, ‘र’च्या पलीकडे, आय आहे आणि दुसऱ्या बाजूला ई, म्हणून तिथे ‘श’. हे परके वाटत असेल तर स्वतःची मराठी ऐकून पाहावी. आपण ‘म्हैस’ म्हणतो, पण अनेकवचन करताना ‘म्हशी’ म्हणतो. पुढे ‘ई’ आली की ‘स’चा ‘श’ होतो आणि आपल्याला ते जाणवतही नाही. (नातीच्या नावासाठी म्हशीचे उदाहरण दिल्याबद्दल आजोबांनी क्षमा करावी.)

राहिला पहिला स्वर. ए आणि ओ मिळून होणारा हा स्वर कोनॉट आणि अल्स्टर या प्रांतांत ‘ई’सारखा, तर दक्षिणेकडील मन्स्टरमध्ये ‘ए’सारखा उच्चारतात. गॉलवे कोनॉटमध्ये आहे. तेव्हा सूनबाई ज्या गावात राहतात तिथला उच्चार ‘सीर्शा’ हाच आहे. पुतण्याही खोटे बोलत नाही. ती अभिनेत्री स्वतःचे नाव ‘सर्शा’ असेच सांगते. आपल्याकडे कोल्हापूरचे आणि नागपूरचे मराठी एकसारखे कुठे आहे!

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. या नावाच्या मुळाशी ‘सीर’ म्हणजे मुक्त हा शब्द आहे आणि तो ‘सु’ अधिक ‘वीर’ अशा प्राचीन जोडशब्दापासून आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आयरिशमधील पुरुषवाचक शब्द ‘फ्यार’ आणि आपला ‘वीर’ यांचे मूळ एकच आहे. म्हणजे ऋग्वेदातील ‘सुवीर’ हा शब्द आणि तुमच्या नातीचे नाव लांबचे भाऊबहीण लागतात. त्याच्या उलट, ‘दु’ लावून झालेल्या शब्दाचा अर्थ बंदिवान. आजच्या आयरिशमध्ये ही जोडी बाजारातही वापरतात : मुक्त म्हणजे स्वस्त आणि बंदिवान म्हणजे महाग. हा दुसरा अर्थ बारशाच्या दिवशी मोठ्याने सांगू नये, असे माझे मत आहे.

पूर्व भागातील विणकर :

आजोबा, चादरीपुरते सांगतो. ‘सीर्शा’ या अक्षरांत ‘शा’वर रफार येतो. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, नाव घालताना ते आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात आणि चादरीचे सूत जाड असल्यामुळे बारीक वळण त्यात उतरत नाही; रफार एक तर गळतो, नाही तर काना आणि रफार एकमेकांत मिसळतात. मग वाचणारा ‘सीशा’ वाचतो. अक्षराची उंची किमान वीतभर ठेवायला सांगा आणि रफारासाठी वर मोकळी जागा सोडायला सांगा. जमिनीचा रंग गडद असेल तर अक्षर पांढरेच घ्या. दुसरे म्हणजे, एकदा विणले की दुरुस्ती नाही, तेव्हा कागदावरचा नमुना सूनबाईंना फोनवर दाखवून मगच होकार द्या. आमच्या एका नातेवाइकांच्या चादरीवर ‘श्रेया’ऐवजी ‘शेया’ आले होते. पोरगी आता कॉलेजात आहे आणि चादर अजून वापरात आहे.

सिद्धेश्वर पेठेतील आजोबा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘सीर्शा’ असेच लिहायचे ठरले. म्हशी–म्हैस हे उदाहरण घरात वाचून दाखवल्यावर धाकट्या भावाला नवा विषय मिळाला आहे, तो भाग वेगळा. ‘सी’ हे अक्षर गॉलवेच्या उच्चारातच आहे हे कळल्यावर सौभाग्यवतींचा विरोध मावळला आणि पुतण्याला त्यांनी स्वतः फोन करून तसे कळवले. चौपाडच्या दादांची सूचनाही वाया गेली नाही. आमच्या गल्लीत सीर्शा कोणाच्या तोंडी बसले नाही तर मुक्ता म्हणावे, असे सूनबाई आपण होऊन म्हणाल्या.

विणकर दादांच्या सांगण्यावरून काल चौकटीच्या कागदावर नाव काढून घेतले आणि फोटो गॉलवेला पाठवला. रफार ठीक आहे, पण ‘सी’ची वेलांटी ऱ्हस्व दिसते, असे मुलाने कळवले आहे. उद्या कागद पुन्हा घेऊन जातो.