लेक घरी अखंड बडबडते, शाळेत तीन महिन्यांत एक शब्द नाही. काय करावं? (नाशिक)

डाळिंब | १५ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

जूनमध्ये आम्ही सटाण्याहून नाशकात आलो. नवऱ्याची बदली अंबडला झाली, घर इंदिरानगरला घेतलंय. लेक सहा वर्षांची, पहिलीत. सटाण्याला मराठी बालवाडीत होती, इथे इंग्रजी माध्यम. घरी तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नसते. सासूबाईंशी अहिराणी, आमच्याशी मराठी. बाहुल्यांची शाळा भरवते आणि स्वतः टीचर होऊन त्यांना दम देते. खऱ्या शाळेत मात्र जूनपासून आजपर्यंत एक अक्षर बोललेली नाही. ना टीचरशी, ना शेजारच्या मुलीशी.

आधी वाटलं, नवीन आहे, रुळेल. मग बाटली लक्षात आली. सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली दुपारी तशीच परत येते. रागावले, तर रात्री अंथरुणात हळूच म्हणाली, "पाणी प्यायलं की शू लागते. मग टीचरना सांगावं लागतं." घरी आली की बूटही न काढता बाथरूमकडे पळते, ते का हे तेव्हा कळलं.

पालकसभेत टीचर म्हणाल्या, मुलगी हट्टी आहे. तोंडी परीक्षेत कविता म्हटली नाही म्हणून "बोलशील तेव्हाच बस" असं सांगून तिला उभं ठेवलं होतं. ती तासभर उभी राहिली, बोलली नाही. हे मला दुसऱ्या मुलीच्या आईकडून समजलं.

नवरा म्हणतो, मीही लहानपणी असाच होतो. सासूबाईंनी दृष्ट काढली. माझी झोप उडालीय. हे आपोआप जातं का? मराठी शाळेत घालू का? नाशकात दाखवायचं तर नेमकं कोणाला?

रविवार_कारंजा | रात्री ११:१५

अहो ताई, होईल सगळं. माझा धाकटा भाऊ चौथीपर्यंत मुका समजला जायचा. आज वकील आहे, त्याला गप्प बसवायचे पैसे घ्यावेत असं घरच्यांचं मत आहे. सुट्टीत एखाद्या नाट्यशिबिरात टाका. स्टेजवर एकदा उभी राहिली की भीड चेपते.

खडूफळा | १६ सप्टेंबर, सकाळी ६:२०

कारंजा, भावाचा आनंद आहे, पण शिबिराचा सल्ला कृपया मागे घ्या. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात) धप्पा मारतात ती मोठी माणसं, आणि तीही स्वतःच्या हौसेनं. घाबरलेल्या पोराला रामकुंडात उतरवताना आपण एकेक पायरी घेतो ना? तसं हे.

डाळिंबताई, बावीस वर्षं पंचवटीत बालवाडी शिकवली. अशी चार मुलं माझ्या वर्गात होऊन गेली. पहिल्या मुलीला मीही हट्टी म्हटलं होतं. ते अजून टोचतं.

घरी मोकळं बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी किंवा ठरावीक माणसांपुढे अजिबात बोलू शकत नसेल, तर त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. हा चिंतेचा प्रकार आहे. ती "बोलत नाही" असं नसून त्या वेळी तिला बोलताच येत नाही, घसा गोठल्यासारखं होतं. उभं करून ठेवल्यानं गाठ आणखी आवळते. शाळेतला पहिला महिना यात धरत नाहीत, कारण त्या काळात बरीच मुलं गप्प असतात. त्यानंतरही महिनाभर तसंच राहिलं तर लक्ष घालायचं.

दुसरी शक्यताही आहे. अनोळखी भाषेच्या वर्गात आलेलं मूल काही काळ नुसतं ऐकत राहतं. ते नैसर्गिक आहे. तुमच्याकडे दोन्हीची सरमिसळ असू शकते. मी डॉक्टर नाही, म्हणून तीन गोष्टी विचारते. बिल्डिंगमधल्या मुलांशी मराठीत बोलते का? दुकानदाराशी? आणि शाळेच्या आवारात तुमच्याशी?

डाळिंब | सकाळी ९:०५

बिल्डिंगमध्ये एकाच मुलीशी, तेही कानात. दुकानात माझ्या ओढणीमागे. गणपतीत पाहुणे आले, सगळे मागे लागले, "आरती म्हणून दाखव ना", तर पलंगाखाली जाऊन बसली.

शाळेचं तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट पाहिलं. रिक्षातून उतरेपर्यंत टकळी चालू होती. गेटमध्ये पाय टाकता टाकता "आई, आज डब्यात" इतकं म्हणाली आणि वाक्य तिथेच संपलं. चेहरासुद्धा दगडासारखा झाला. इतके दिवस हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?

पाथर्डी_फाटा | दुपारी १:३०

ताई, गेटमध्ये अर्धवट राहिलेलं वाक्य वाचून पोटात कालवलं. आमचा मुलगा अगदी असाच होता. आता तिसरीत आहे.

आम्ही क्रमानं गेलो: आधी बालरोगतज्ज्ञ, मग कानांची तपासणी (ऐकू नीट येतंय ना हे आधी बघतातच), मग लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या मानसतज्ज्ञ. नावं उघड्यावर देत नाही. तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या आणि वेळ घेतानाच विचारा, "सिलेक्टिव्ह म्युटिझमची मुलं पाहिलीत का?" आम्ही हे न विचारता गेलो आणि पहिल्या ठिकाणी दोन महिने घालवले. तिथे पोराला समोर बसवून "बोल, घाबरू नकोस" एवढंच चाललं होतं. तोवर कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. मी स्वतःसाठीच केला होता फोन.

दुसऱ्या मानसतज्ज्ञ बाईंनी शाळेत करायला लावलं ते सांगतो. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बायको आणि मुलगा सापशिडी खेळायचे. आठवडाभर फक्त दोघं, तिसरं कोणी नाही. तो तिथे बायकोशी आवाजात बोलायला लागल्यावर टीचर दाराबाहेर उभ्या राहायच्या, पाठ करून. मग आत, खिडकीपाशी, वह्या तपासत. मग दोन बाक जवळ. मग पटावर तिसरी सोंगटी त्यांची. तो गप्प झाला की एक पाऊल मागे. यात सहा-सात आठवडे गेले. वर्गात हजेरीला "प्रेझेंट" म्हणायला आणखी तीन-चार महिने.

आणि एक फसलेलं. पहिल्यांदा "प्रेझेंट" म्हणाला त्या दिवशी उत्साहाच्या भरात सगळ्या वर्गाकडून टाळ्या वाजवल्या गेल्या. पुढचे पंधरा दिवस शुकशुकाट.

गोदाकाठ | दुपारी ३:४५

तासभर उभं ठेवलं हे तुम्ही सहज लिहून गेलात. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्याला मनाई आहे. खाजगी शाळेलाही लागू. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या.

शाळा बदलायची तर मराठीच. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं की जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं.

खडूफळा | सायंकाळी ७:१०

कलम बरोबर आहे, पण पहिलाच कागद तक्रारीचा गेला तर टीचर दुखावतील, आणि आपल्याला तर त्याच टीचर हव्या आहेत. आधी भेटा. हट्ट नाही, भीती आहे, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट सांगा. तरीही उभं करणं चालूच राहिलं तर गोदाकाठ म्हणतात तसं करा आणि शाळाही बदला. मराठी शाळेचं मलाही पटतं, पण घाई नको. गेटपाशी गोठणं भाषेमुळे असेलच असं नाही, ते नव्या गेटपाशीही सोबत येऊ शकतं.

उद्यापासून करायचं: शूसाठी कार्ड. लाल पुठ्ठ्याचा तुकडा बाकावर, तो उलटा केला की टीचरनी मानेनं "जा" म्हणायचं. बाकी सगळं थांबलं तरी चालेल, हे थांबता कामा नये. लघवी दाबून धरल्यानं संसर्ग होतो, ते वेगळंच दुखणं होऊन बसेल.

घरी "काकांना नाव सांग" पूर्ण बंद. पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा. बोलली नाही तर तिच्या वतीनं लगेच उत्तरही देऊ नका. मनात पाचपर्यंत मोजा. "भूक लागली का?" विचारलं तर मान हलते आणि विषय संपतो, म्हणून "पोळी की भात?" असं विचारा. तिच्याकडे टक लावून बघू नका, दोघी मिळून चित्राकडे बघा. नुसतं बोलत राहा, "अरे, या हत्तीला शेपूटच नाही." दुरुस्त करायचा मोह मुलांना आवरत नाही! आणि बोललीच, तर कौतुकाचा गाजावाजा नको, पाथर्डी यांनी टाळ्यांचं सांगितलंच.

बागलाणी | रात्री ९:३०

सासूबाईंना विसरलात का? जिच्याशी पोरगी सगळ्यात मोकळी, तिलाच त्या रिकाम्या वर्गात न्या. रविवारी शाळेचं मैदान उघडं असेल तर आधी तिथेच खेळा. आमचा अनुभव, मैदानावर आवाज आधी फुटतो.

रविवार_कारंजा | रात्री ९:५०

शिबिर मागे घेतो. खडूफळाबाई, भाऊ परवा म्हणाला की चौथीतल्या बाई त्याला रोज खडू आणायला पाठवायच्या, एकट्याला, बोलायची गरज नसलेलं काम. तेव्हा त्याला शाळा आवडायला लागली म्हणे. मला हे आत्ता कळतंय.

डाळिंब | २८ ऑक्टोबर, रात्री ८:५५

उशिरा लिहितेय, माफ करा. डॉक्टर झाले, कान उत्तम. मानसतज्ज्ञांनी खडूफळाताई म्हणाल्या तेच निदान केलं आणि जवळजवळ पाथर्डी यांचाच क्रम दिला. टीचरना भेटताना मला रडू आलं, सगळं पाठ केलेलं विसरले. पण त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, मला कोणी हे शिकवलंच नव्हतं. लाल कार्ड त्याच दिवशी बाकावर चिकटलं. बाटली आता अर्धी परत येते.

वर्गात अजून शब्द नाही. मध्येच स्नेहसंमेलनाचं ठरलं, नाचात नाव घातलं गेलं आणि चार दिवस शाळेत जायलाच तयार नव्हती. नाव काढलं, पडदा ओढायचं काम मागून घेतलं, तेव्हा गाडी रुळावर आली.

रिकाम्या वर्गात मी आठ दिवस गेले, काही नाही. मलाच इतकं टेन्शन होतं की ते तिला लागत असणार. मग सासूबाईंना पाठवलं. त्या पिशवीत सागरगोटे घेऊन गेल्या आणि फरशीवर फतकल मारून बसल्या. गेला शुक्रवार पाचवा दिवस. टीचर खिडकीपाशी वह्या तपासत होत्या. सासूबाईंनी खाली पडलेला गोटा गुपचूप झेललेल्यांत घातला (त्या घरीही असंच करतात), तर पोरगी जोरात म्हणाली, "मोठी माय, तू लबाडी करी ऱ्हायनी!"

मी दाराबाहेर होते. हात थरथरत होते. टीचरनी मान वर केली नाही, वही उलटली फक्त.

बागलाणी | रात्री ९:०२

अरे वा!! शाळेतलं पहिलं वाक्य अहिराणीत! टीचरना कळलं का?

डाळिंब | रात्री ९:२०

त्या मंगळूरच्या. संध्याकाळी मेसेज आला, "लबाडी कळलं, बाकीचं लिहून पाठवा. सोमवारी मी पण खेळणार आहे."