मदत हवी आहे: टीएसआयचा स्लांट पिवळ्याचा लाल झाला, उद्या प्रॅक्टिकल

गोदाकाठची
टीएसआय म्हणजे जिवाणू कोणती साखर आंबवतो ते रंगावरून दाखवणारं माध्यम. काल सगळी ट्यूब पिवळी होती. आज स्लांट (वरचा तिरका भाग) लाल, बट (खालचा भाग) पिवळाच. कोणतं रीडिंग लिहू? ग्लुकोज संपलं तर जिवाणू उपाशी मरायला हवेत ना, मग रंग कसा बदलतो? मॅडम व्हायवात नेमकं हेच विचारतात. कॉलेज रोडला पुस्तकं चाळली, सगळीकडे नुसता रंगांचा तक्ता. लवकर सांगा प्लीज.

पेट्रीडिश
कल्चर कोणतं? लावलं कधी, पाहिलं कधी?

रानवारा
कंटॅमिनेशन, दुसरं काही नाही. आमच्या लॅबमध्ये दोनदा झालंय. ट्यूब टाकून द्या, नवी लावा.

पेट्रीडिश
वेळ कळायच्या आधीच टाकून द्या कसं सांगता?

गोदाकाठची
नवी लावायला वेळच नाही! कल्चर अननोन आहे, आपणच ओळखायचं. काल सकाळी 10 ला लावलं, संध्याकाळी 6 ला पाहिलं, आज परत 10 ला.

बागाईतदार_पिंपळगाव
साखरेचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या द्राक्षाच्या रसात यीस्ट साखरेची दारू करतं. हे जिवाणू करत नाहीत का?

पेट्रीडिश
करतात काका. ई. कोलाय आम्लांबरोबर थोडं इथेनॉलही करतो.

आजीचा_बटवा
घरात कुणाला इन्फेक्शन झालं की साखर बंद करावी. जिवाणूंना खायलाच मिळत नाही.

पेट्रीडिश
ताई, असं होत नाही. साखर बंद केली तरी शरीर रक्तातलं ग्लुकोज राखतंच. क्षयाचा जिवाणू तर आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडही वापरतो.

गोदाकाठची, तुझं उत्तरही इथेच आहे. टीएसआयमध्ये ग्लुकोज फक्त 0.1 टक्का, लॅक्टोज आणि सुक्रोज 1-1 टक्का. तुझा जिवाणू ग्लुकोजच आंबवतो. पहिल्या 8 तासांत त्याने आम्ल केलं, फिनॉल रेड (आम्लात पिवळं, अल्कलीत लाल होणारं रंगद्रव्य) सगळीकडे पिवळं झालं. मग ग्लुकोज संपलं, पण माध्यमात पेप्टोन (प्रथिनांचे तुकडे) आहे. वर हवा मिळते, तिथे तो अमिनो आम्लं ऑक्सिजनच्या मदतीने जाळून ऊर्जा काढतो. त्यात अमोनिया सुटतो, तो अल्कली, म्हणून स्लांट लाल. खाली ऑक्सिजन नाही, आम्ल तसंच राहतं. लॅक्टोज आंबवणाऱ्याकडे दहापट साखर असते, त्याचा स्लांट 24 तासांनीही पिवळाच दिसतो. रीडिंग 18 ते 24 तासांचंच धरायचं, म्हणजे आजचं. संध्याकाळचं खोडून टाक.

रानवारा
हे मान्य, पण झाकण घट्ट असेल तर? तेव्हा स्लांट लाल होतच नाही.

पेट्रीडिश
हा मुद्दा बरोबर. झाकण कसं होतं?

गोदाकाठची
कापसाचा बोळा.

पेट्रीडिश
मग हवा जात होती. काळं काही दिसतंय? बटमध्ये बुडबुडे, तडे?

गोदाकाठची
स्टॅबच्या (सुई खुपसली त्या रेघेच्या) वरच्या टोकाला बारीक काळं आहे. मला घाण वाटली. तडे नाहीत.

पेट्रीडिश
अगं, ती घाण नाही! थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड झालं, लोहाशी मिळून काळं पडलं. हा साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉइडचा जिवाणू असू शकतो. वायू नाही, कारण टायफीकडे फॉर्मेट फोडून हायड्रोजन काढणारं एन्झाइमच नसतं. शिगेलाही (आमांशाचा जिवाणू) सहसा वायू करत नाही, पण काळंही करत नाही. टायफीचा संशय धर, नाव मात्र युरिएझ आणि सिट्रेट या चाचण्या पाहिल्यावरच लिही.

रानवारा
आणि सीरमही (टायफीच्या अँटिबॉडींचं) लावून बघा. नुसत्या रंगांवरून टायफी म्हणू नका.

गोदाकाठची
युरिएझ निगेटिव्ह आहे. सिट्रेट आज सकाळीच लावलंय, उद्या 10 ला बघते.