मदत हवी आहे: बाबांना घेऊन जुन्या घान रेल्वेचा मार्ग, सोबत कॅरॅव्हॅन

नमस्कार मंडळी,

आम्ही ॲडलेडला राहतो. बाबा ऑगस्टमध्ये येतायत. वय 72, रेल्वेत आधी गँगमन, मग कीमन, म्हणजे रुळांच्या देखभालीचं काम. नोकरीची पहिली वर्षं मनमाडकडच्या मीटरगेजवर गेली. मागच्या वर्षी मी त्यांना जुन्या घानवरच्या, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातून देशाच्या मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्जला जाणाऱ्या जुन्या रेल्वेवरच्या, कर्डिमर्का या ओसाड स्टेशनाचा फोटो पाठवला होता. त्यांनी तो मोठा करून स्लीपरजवळचा भाग पाहिला आणि विचारलं, "खिळे अजून घट्ट आहेत का रे?" तेव्हाच ठरवलं, की ही लाइन त्यांना दाखवायचीच.

जुनी घान 1067 मिलीमीटर गेजची (दोन रुळांमधलं अंतर), म्हणजे आपल्या मीटरगेजहून जेमतेम चार बोटं रुंद. 1929 मध्ये ती ॲलिस स्प्रिंग्जला पोचली आणि 1980 मध्ये बंद झाली. पुरात रूळ वाहून जायचे, लाकडी स्लीपर वाळवी खायची. ते सांभाळणारे कामगार मैलोन् मैल माणूस नसलेल्या जागी दगडी घरांत राहायचे. बाबांना त्या घरांसमोर निवांत बसू द्यायचंय. फोटो काढून लगेच निघायचं नाही.

जाताना टेरोवी या गावी थांबू. तिथे रुंद गेज संपून अरुंद सुरू व्हायचा, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना गाडी बदलावी लागे. फिलिपिन्सहून आलेल्या अमेरिकन जनरल मॅकआर्थरने "मी परत येईन" हे शब्द मार्च 1942 मध्ये तिथेच उच्चारले. सैनिकांची रेल्वे ॲलिसला संपायची, पुढे लष्करी ट्रक, मग लॅरिमा-बर्डमपासून डार्विनकडे पुन्हा गाडी. हा तुटलेला दुवा बाबांना जागेवर समजावून सांगायचाय. डार्विनजवळच्या ॲडलेड रिव्हर गावची युद्ध दफनभूमीही पाहायची आहे. 19 फेब्रुवारी 1942 च्या जपानी बॉम्बहल्ल्यात मारले गेलेले डार्विनचे पोस्ट कर्मचारी तिथेच आहेत. तिथे घाई करणार नाही.

अडचण मारी ते मार्ला या, बराचसा जुन्या लाइनलगत जाणाऱ्या ऊडनाडाटा ट्रॅकची आहे. सुमारे 620 किलोमीटर कच्चा रस्ता आणि आमची कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) साधी, डांबरी रस्त्याची. पाऊस झाला तर रस्ता बंद होतो हे माहीत आहे. पण कोरड्या दिवसांतही साधी कॅरॅव्हॅन ओढत नेलेलं कुणी आहे का? खडबडीत पट्ट्यांवर टायरमध्ये हवा किती ठेवलीत? की कॅरॅव्हॅन कूबर पीडी गावात ठेवून फक्त गाडीने ऊडनाडाटाला जावं, एक रात्र तिथे काढावी आणि दुसऱ्या दिवशी अल्जेबकिनाचा जुना रेल्वे पूल पाहून परतावं? माझा कल याकडे आहे, पण मग मारीच्या बाजूचं कर्डिमर्का सुटतं आणि बाबांनी विचारलेले खिळे तिथलेच आहेत.

अजून एक. बाबांचे गुडघे दुखतात. अल्जेबकिनाला गाडीतून उतरल्यावर पुलापर्यंत किती चालावं लागतं, आणि चढ आहे का? ज्यांनी आईवडिलांना नेलंय त्यांनी जरूर सांगा. तिकिटं काढली आहेत, रस्ता तेवढा ठरायचाय.